तळ्याचें ऋतुमान

माझा एक पुतण्या अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं राहतो. हल्लीं पत्रें कागदावर येत नाहींत, भ्रमणध्वनीच्या कांचेवर उमटतात. पण या मुलाचें लिहिणें जुन्या पत्रासारखें ऐसपैस असतें, म्हणून तें वाचावयास मला आवडतें. गेल्या आश्विनांत त्यानें लिहिलें, "काका, आठवडाभर रोज पहांटे एका लहान तळ्यावर जातों आहें. तळें आतां उलटलें आहे आणि ट्राऊट मासा पुन्हां कांठाशीं येऊं लागला आहे. गळाला लागला कीं पाहतों आणि परत पाण्यांत सोडतों."

हें मीं मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां आमच्या घरीं पहिला प्रश्न निघाला तो असा: "सोडूनच द्यावयाचा तर धरावयाचा कशाला?" प्रश्न सयुक्तिक होता, आणि त्याचें उत्तर पुतण्यालाही धड देतां आलेलें नाहीं. परंतु माझें चित्त दुसऱ्याच शब्दावर अडकलें. तळें उलटतें म्हणजे काय? घागर उलटते, नाणें उलटतें, पोटांतलें अन्न उलटतें; तळें कसें उलटेल?

ज्यांच्या घरांत मासा कधीं शिजत नाहीं अशा वाचकांपुढें हा विषय कशास, असें कोणी म्हणेल. तें मीं स्वतःशींही म्हणून पाहिलें. पण पंचतंत्रांतील अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति व यद्भविष्य हे तीन मासे आम्हींच लहानपणीं पाठ केले, आणि बगळा व खेंकडा यांची गोष्टही आम्हींच मुलांस शिकविली. त्या गोष्टींतील लबाड बगळा सांगतो कीं, ज्योतिषांनीं बारा वर्षांचें अवर्षण वर्तविलें आहे, तळें आटणार. मासे तें खरें मानतात. तीस वर्षें ही गोष्ट शिकवितांना मीं मुलांस विचारीत असें, बगळा कसा फसवितो? मासे इतके चटकन् कां फसले, हें मीं एकदांही विचारलें नाहीं. तळें आटणें त्यांच्या अनुभवाचें होतें, हें त्याचें साधें उत्तर. आणि तें कळण्यासाठीं मला एका वैशाखांत फार महाग शिक्षण घ्यावें लागलें. तें पुढें सांगतों.

आधीं पुतण्याचें तळें. पाण्याचा एक चमत्कारिक धर्म आहे. बहुतेक द्रव पदार्थ जसजसे थंड होतात तसतसे जड होत जातात; पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच जड होतें, आणि त्याखालीं गेलें कीं पुन्हां हलकें होऊं लागतें. म्हणूनच बर्फ वर तरंगतें आणि तळाशीं ४ अंशांचें पाणी राहतें. तसें नसतें तर शीत देशांतील तळीं तळापासून वरपर्यंत गोठून मासा कधींच उरला नसता. उन्हाळ्यांत त्या तळ्यांत वर ऊन पाण्याचा एक थर बसतो, खालीं थंड पाण्याचा, आणि दोहोंच्या मध्यें एक पातळसा पडदा असतो. वारा कितीही सुटला तरी वरचेंच पाणी ढवळतें. तळाच्या पाण्यास हवा मिळत नाहीं. तेथें कुजणारा पाचोळा होता नव्हता तो प्राणवायु खाऊन टाकतो. ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा. १० ते १६ अंशांत तो सुखी असतो, २५ अंशांच्या वर त्याच्या जिवावर बेततें. तेव्हां भर उन्हाळ्यांत तो वरच्या ऊन पाण्यांत राहूं शकत नाहीं आणि खालच्या कोंडलेल्या पाण्यांतही राहूं शकत नाहीं. मधल्या एका अरुंद पट्ट्यांत तो अडकून पडतो. त्या वेळीं गळाची दोरी किती हात सोडावी, हें ज्यास ठाऊक त्यासच मासा सांपडतो.

मग शरद येतो. वरचें पाणी थंड होऊन जड होतें, खालीं उतरतें, आणि एके दिवशीं वर-खालीं सगळीकडे सारखी उष्णता होते. त्या दिवशीं जोराचा वारा सुटला कीं तळापर्यंतचें पाणी एकजीव ढवळून निघतें. यालाच ते लोक तळें उलटणें म्हणतात. पडदा फिटला, मासा मोकळा झाला. पुढें चार महिने बर्फाचें झांकण बसतें. उथळ तळ्यावर हिमाचा जाड थर पडला तर प्रकाश आंत शिरत नाहीं, पाण्यांतील वनस्पति प्राणवायु करीत नाहींत, आणि वसंतांत बर्फ वितळल्यावर मेलेले मासे वर येतात. पुतण्याचें हें शेवटचें वाक्य वाचलें आणि मी थांबलों. त्यांचा पौष-माघ आणि आमचा वैशाख हीं एकाच संकटाचीं दोन नांवें आहेत.

आमचा हट्टा गांव वसमत तालुक्यांत, परभणीहून वसमतेस जाणाऱ्या वाटेवर. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. माझ्या पिढीच्या तोंडून अजूनही चुकून परभणी जिल्हा असेंच निघतें. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं मोठीं धरणें या मुलुखाची खरी लक्ष्मी. पण मला सांगावयाचें आहे तें लहान तळ्यांविषयीं. १९७२ च्या दुष्काळांत हाताला काम म्हणून आणि पुढें रोजगार हमी योजनेंत मराठवाड्यांत ठिकठिकाणीं पाझर तलाव बांधले गेले. खडी फोडावयास गेलेल्या बायांच्या कडेवरचीं पोरें पुढें माझ्या वर्गांत बसलीं. हे तलाव खोल नाहींत. भरले म्हणजे दोन-तीन पुरुष, आणि फाल्गुनापर्यंत कमरेइतकें पाणी. आमच्या गांवापासून कोसावर असाच एक आहे.

त्यास पुतण्याच्या तळ्यासारखे स्थिर पडदे परवडत नाहींत. वाऱ्याच्या एका झोतानें तो ढवळला जातो. दिवसा वर ऊन साचतें, रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे वरचें पाणी निवतें, जड होऊन खालीं बसतें, आणि पहांटेपर्यंत सारें एक होतें. थोडक्यांत, पुतण्याचें तळें वर्षांतून दोनदां उलटतें, आमचें रोज रात्रीं उलटतें.

ऋतूंचा क्रम मात्र याचा स्वतःचा आहे आणि तो नक्षत्रांवर चालतो. मृगाचा पहिला लोट येतो तो गढूळ, शेणाकाड्यांनीं आणि आजकाल शेतांतील खतांनीं व औषधांनीं भरलेला. त्या वासानें कीं काय, लहान मासे ओढ्याच्या उलट दिशेनें चढूं लागतात. चढणीचे मासे हे सर्वांच्या ओळखीचे. पोरें टोपल्या घेऊन ओढ्यांत उतरतात. या माशांच्या पोटांत अंडीं असतात, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत तीन चातुर्मासी पौर्णिमांस व तिष्य पौर्णिमेस मासे मारूं अथवा विकूं नयेत अशी आज्ञा आहे. महाराष्ट्राच्या समुद्रांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते, ती याच जातीची आज्ञा होय. आमच्या ओढ्यास कोणाची आज्ञा?

श्रावण-भाद्रपदांत पाणी चढतें, कांठचें गवत बुडतें, आणि मासा त्या बुडालेल्या गवतांत इतका पांगतो कीं गळ टाकणारा दिवसभर बसून रिकाम्या हातीं परततो. हस्त संपला, पाणी निवळलें, कीं आश्विन-कार्तिकांत त्यावर फिकट हिरवी छटा येते. ती घाण नव्हे. डोळ्यांस न दिसणाऱ्या शेवाळाची ती छटा आहे, आणि माशांचें तेंच सुभिक्ष. या दोन महिन्यांत मासा झपाट्यानें वाढतो. पौषांत पहांटे हाडें गोठतात तेव्हां त्याची भूक मंदावते. गळकऱ्यानें अशा वेळीं पहांटे उठून पुण्य जोडूं नये, दुपारीं जावें, कारण तेव्हां मासा उन्हास उथळ पाण्यांत येतो. वैशाखांत नेमकें उलट: दुपार टाळावी, उजाडतां उजाडतां जावें. मी हें गळ टाकून शिकलों नाहीं. बांधावर बसून दुसऱ्यांचें पाहिलें आहे.

या तळ्यांतील मोठे मासे तेथें जन्मलेले नसतात. कटला, रोहू व मृगळ हे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यांत ते अंडीं घालतात, साचलेल्या पाण्यांत घालीत नाहींत. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाच्या चिखलाशीं. म्हणून तिघे एका घरांत भांडत नाहींत. पूर्वीं यांचें बीज नदींतून गोळा करावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानें ओरिसांत माशाच्याच मस्तकांतील ग्रंथीचा रस टोंचून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालविण्यांत यश मिळविलें. तेव्हांपासून बीज माणसाच्या हातीं आलें. आमच्याकडे त्या बीजाचीं नांवें मोठीं गोड आहेत. अगदीं लहान असतें तें जिरें, बोटाच्या पेरापेक्षां थोडें मोठें झालें कीं अर्धबोटुकली, आणि दोन इंच ओलांडले कीं बोटुकली. श्रावणांत हेक्टरीं सुमारें पांच हजार बोटुकली सोडावी आणि फाल्गुनापासून पुढें काढावी, असा हंगामी तळ्याचा हिशेब असतो. आठ महिन्यांची शेतीच ती. फरक इतकाच कीं पीक डोळ्यांस दिसत नाहीं.

या पाहुण्यांखेरीज तळ्याचे खरे कुळवाडी निराळे: मरळ, मागूर, शिंगी. अमरकोशांत मद्गुर व शृंगी हे शब्द पाठ करतांना मला ते केवळ शब्द वाटत. मद्गुर तोच आमचा मागूर आणि शृंगी तीच शिंगी, हें एका भोयाच्या टोपलींत पाहिलें तेव्हां माझें मलाच हंसूं आलें. यांस कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याचीही सोय आहे. पाणी चिखल झालें तरी हे ओल्या चिखलांत तग धरतात. मरळीची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिचीं पिलें नारिंगी रंगाचीं असतात आणि घोळक्यानें पाण्याच्या वरच्या बाजूस फिरतात. आईबाप खालून पहारा करतात. घोळक्याजवळ कांठी हालविली तर मोठी मरळ धांवून येते. तीच तिची चूक. कित्येक गळकरी मुद्दाम पिलांच्या घोळक्यांत गळ हालवितात, भुकेनें नव्हे तर संतापानें ती त्यास तोंड लावते. हें सांगतांना मला पुरतें बरें वाटत नाहीं.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (त्याची कारकीर्द ११२६ ते ११३८ च्या सुमाराची) यानें मानसोल्लास या ग्रंथांत मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरणच घातलें आहे. बडोद्याच्या ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेली त्याची प्रत मीं एकदां आठ दिवसांसाठीं मिळविली होती. कोणता मासा कोठें राहतो, त्यास कोणतें खाद्य रुचतें, दोरी व गळ कसा असावा, हें सारें त्यांत राजाच्या विलासाचा भाग म्हणून सांगितलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आणि कौटिल्य तर त्याहून रोखठोक: तळ्यांतील मासा, नाव आणि भाजीपाला यांवर मालकी राजाची. आतां राजा गेला, ठेका आला. पण पाण्यावर मालकी कोणाची आणि माशावर कोणाची, हा तंटा तसाच राहिला. त्या तंट्यांत मी सांपडलों, तें असें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या त्या तलावाचा ठेका भोई मंडळींच्या एका संस्थेनें घेतला होता आणि त्याची देखरेख माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होती. गणितांत कच्चा, पण अक्षर मोत्यासारखें. त्या वर्षीं पाऊस बरा झाला, बोटुकली चांगली लागली. पण वरच्या अंगास ऊस होता, आणि चैत्र लागतांच बांधावर मोटारी बसल्या. पाणी रोज वीतभर उतरूं लागलें. एके संध्याकाळीं तो माझ्याकडे आला. ओटीवर बसला नाहीं, उभाच राहिला.

"गुरुजी, दोन हात पाणी तेवढं राहूं द्या म्हणावं. माझं कोण ऐकत नाहीं. तुम्हीं बोललात तर ऐकतील. तेही तुमचेच विद्यार्थी."

"अरे, मग आतांच सगळा मासा कां काढून घेत नाहींस?"

"अजून पाव किलोचा आहे, गुरुजी. आणखी महिनाभर मिळाला तर बीजाचं कर्ज फिटंल."

मीं म्हटलें, बोलतों. आणि खरेंच बोलणार होतों. पण उसाचे मालकही माझेच विद्यार्थी, त्यांच्या घरीं माझें येणेंजाणें, एकाच्या मुलीचें लग्न चार दिवसांवर आलेलें. लग्नघरीं पाण्याची कटकट कशास काढावी, अक्षता पडल्यावर बोलूं, असें मीं ठरविलें. खरें कारण याहून लहान होतें, आणि तें लिहावयास मला आजही जड जातें: माशांसाठीं मीं कोणापुढें शब्द टाकावा हें मला कोठें तरी कमीपणाचें वाटलें. उसासाठीं असतें तर वाटलें नसतें.

तिसऱ्या दिवशीं आभाळ आलें. वारा पडलेला, अंगाची काहिली, दिवसभर ऊन नाहीं. संध्याकाळीं वळवाची एक जोरदार सर आली आणि गेली. लग्नघरीं सर्वांस गारवा वाटला. पहांटे त्या विद्यार्थ्याचा धाकटा मुलगा मला बोलवावयास आला. मी गेलों तेव्हां झुंजुमुंजु होतें. गुडघाभर पाण्यावर हजारों तोंडें उघडमीट करीत होतीं. आवाज होत होता, भांड्यांत पावसाचे थेंब पडावेत तसा. कटला आधीं गेला, मग रोहू. सूर्य वर येईतों पाणी पांढरें दिसूं लागलें होतें. कोणी बादलीनें पाणी उडवीत होतें, कोणी मोटार उलटी लावून फवारा करण्याची खटपट करीत होतें. ऊसवाल्यांपैकीं दोघे स्वतः पाण्यांत उतरले होते, हें लिहिलें पाहिजे. माझा विद्यार्थी बांधावर बसला होता. त्यानें मला पाहिलें, उठून उभा राहिला, आणि नेहमींप्रमाणें नमस्कार केला. बोलला कांहींच नाहीं.

काय झालें तें पुतण्याच्या पत्रानें आतां मला नीट उमगलें. ० अंशास एक लिटर पाण्यांत सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३० अंशास जेमतेम ७.५, म्हणजे वैशाखाचें पाणी मुळांतच अर्ध्या पोटीं. त्यांत मासे तेवढेच आणि पाणी चौथाई. हिरवें शेवाळ उन्हांत प्राणवायु देतें, परंतु रात्रीं तेंही माशांप्रमाणें तो खातें. दिवसभर ऊन नसलें म्हणजे भरणा कांहींच नाहीं आणि खर्च दुहेरी. वर वळवाचें गार पाणी पडलें, तें जड होऊन खालीं गेलें आणि तळाचा कुजका गाळ ढवळून वर आला. ज्या उलटण्यानें पुतण्याच्या तळ्यांतील मासा मोकळा होतो, त्याच उलटण्यानें आमचा मेला. दोन हात पाणी असतें तर? सगळा वांचला असता असें मी म्हणत नाहीं. पुष्कळसा वांचला असता.

पुढल्या वर्षीं ठेका दुसऱ्याकडे गेला. माझा विद्यार्थी दोन वर्षें परभणीस एका दुकानांत हमाली करीत होता; बीजाचें कर्ज त्यानें तेथून फेडलें. मीं त्यांतील कांहीं भाग उचलावा म्हणून त्याच्याकडे गोष्ट काढली, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, पाऊस तुम्हीं पाडला काय?" आणि विषय बदलला. मीं मात्र त्या उन्हाळ्यांत उसाच्या चारही मालकांच्या घरीं जाऊन बसलों. तिघांनीं लगेच मान्य केलें. चौथ्यास पटवावयास एक पावसाळा गेला. आतां तलावांत सांडव्याच्या बाजूस एक दगड पुरला आहे, त्यावर तांबडी रेघ आहे. पाणी रेघेस लागलें कीं मोटारी निघतात. बहुतेक निघतात. एका वर्षीं पाऊसच इतका कमी झाला कीं ती रेघ पौषांतच उघडी पडली, आणि तेव्हां गुरांच्या पाण्यापुढें माशांचा विषय कोणी काढला नाहीं, मींही नाहीं.

ठेका गेल्या वर्षापासून पुन्हां त्याच भोई मंडळींकडे आहे. पुतण्यानें मला दोरीस बांधून पाण्यांत सोडावयाचा एक उष्णतामापक पाठविला. चैत्र वद्यांत तो घेऊन मी तलावावर जाऊं लागलों. भर दुपारीं वरचें पाणी ३४ अंश, दोन हात खालीं २९. पहांटे दोन्हीकडे २८. हे आंकडे पुतण्यास कळविले तेव्हां त्यानें लिहिलें, "काका, या पाण्यांत माझा ट्राऊट एक तासही जगणार नाहीं." मीं उत्तर पाठविलें कीं आमची मरळ तुझ्या बर्फाखालीं किती तास काढील तेंही पाहूं.

आतां माझे गुडघे बांध उतरूं देत नाहींत. विद्यार्थ्याचा तो धाकटा मुलगा आठवींत आहे. पहांटे शाळेपूर्वीं तोच मापक सोडतो आणि वहींत तारीख, वेळ, अंश व पाण्याची खोली लिहितो. अक्षर बापाचेंच आहे. परवां त्यानें वही दाखवावयास आणली तेव्हां पाणी रेघेच्या वर चार बोटें होतें आणि आभाळ आलेलें होतें. मीं त्यास सांगितलें, आज रात्रीं बापास तलावावर निजावयास सांग, आणि मोटार उलटी लावून ठेव म्हणावें. तो म्हणाला, "बाबा दुपारींच गेलेत, गुरुजी."